एका गाण्याचा माग: उदास सिंथपॉप आणि डार्कवेव्ह संगीत शोधण्याची रीत

ज्या संगीतात ठेका यंत्राचा, सूर यंत्राचा आणि पुष्कळदा गायकाचा आवाजही यंत्रातून गाळून आलेला असतो, त्यात उदासी येते कुठून, असा प्रश्न नव्याने ऐकणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. या संगीताची गोडी लागलेल्या श्रोत्याला ती उदासी नेमकी तिथेच सापडते. ठेका जराही ढळत नाही, आणि त्या न ढळणाऱ्या ठेक्यावर एक माणूस थकलेल्या, हळव्या किंवा मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या आवाजात काही सांगत राहतो. यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही, लय सैल करत नाही, आणि म्हणूनच त्या आवाजातला लहानसा कंपही आपल्यापर्यंत पोहोचतो.

ज्यांनी अशी एखाद-दोन गाणी कुठेतरी ऐकली आहेत, ती मनात घर करून राहिली आहेत, पण पुढे कोणत्या वाटेने जावे हे उमगत नाही, अशा श्रोत्यांसाठी हा लेख आहे. गाणी ऐकवणारी ॲप्स सुरुवातीला मदत करतात हे खरे, परंतु पंधरा-वीस गाण्यांनंतर ती त्याच त्या नावांभोवती फिरू लागतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्यापेक्षा आवडलेले एक गाणे घट्ट धरावे आणि त्याचा माग काढत जावे, हे मला अधिक फलदायी वाटते. ते कोणी वाजवले, कोणत्या वाद्यावर वाजवले, कोणत्या कंपनीने प्रसिद्ध केले, त्या कंपनीने त्याच सुमारास आणखी कोणाला जवळ केले, या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता नवे संगीत आपोआप सापडत जाते. ही रीत संथ आहे, पण तिच्यातून जे हाती लागते ते सहसा विसरले जात नाही.

पहिली पायरी: एकच गाणे, तीन वेळा

सुरुवातीलाच मोठी यादी करू नये. एक गाणे घ्यावे, बरे हेडफोन लावावेत आणि ते सलग तीनदा ऐकावे: पहिल्यांदा फक्त ठेक्याकडे लक्ष देऊन, दुसऱ्यांदा खाली चालणाऱ्या बासच्या ओळीकडे आणि तिसऱ्यांदा आवाजाकडे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे संगीत ऐकले, तर खालचे स्वर त्यात उतरतच नाहीत आणि निम्मे गाणे हातचे जाते.

कोणते गाणे घ्यावे हे ठरत नसेल, तर मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडचे ‘ब्लू मंडे’ घ्यावे. फॅक्टरी रेकॉर्ड्सने ते मार्च १९८३ मध्ये बारा इंची तबकडीवर प्रसिद्ध केले आणि त्या आकाराच्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांमध्ये त्याचे नाव आजही घेतले जाते. हा बँड एका मोठ्या आघातातून उभा राहिला होता. जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस याने १८ मे १९८० रोजी, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी जुने नाव बाजूला ठेवून नवे घेतले, गिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली, आणि गिटारच्या जोडीला सिंथेसायझर (विजेच्या यंत्रणेतून स्वर निर्माण करणारे वाद्य) व ड्रम मशीन आले. ‘ब्लू मंडे’ सुरू होते ते एकट्या ड्रमच्या ठोक्यांनी, त्यावर एकेक थर चढत जातो, आणि गाणारा आवाज यायला दोन मिनिटांहून अधिक काळ लागतो. तो आवाज येतो तेव्हा त्यात ना आर्जव असते ना आक्रोश. एवढ्या नाचऱ्या ठेक्यावर इतका अलिप्त आवाज ठेवलेला पाहून मी पहिल्यांदा चकित झालो होतो.

या गाण्यातली एक बारीक गोष्ट दुसऱ्या वेळी ऐकताना लक्षात येते. सिंथेसायझरवर वाजणारी मधली धून ठेक्याशी अगदी तंतोतंत जुळत नाही, ती किंचित तिरकी चालते. सीक्वेन्सर या यंत्रात स्वर एकेक करून भरावे लागत. ते सारे स्वर गिल्बर्ट यांनी कागदांवर लिहून काढले होते, आणि ते कागद चिकटपट्टीने एकमेकांना जोडून त्यांची लांबलचक पट्टी तयार केली होती. ते भरताना त्यांच्याकडून एक स्वर सुटला आणि पुढची सगळी धून सरकली. ती चूक तशीच ठेवली गेली. यंत्राच्या संगीतात माणसाचा हात कुठे दिसतो असे कोणी विचारले, तर मी त्याला ही धून ऐकायला सांगतो.

कानाला काय पकडायचे हे एकदा कळले की पुढचा शोध सोपा होतो, म्हणून आणखी दोन खुणा सांगतो. या गाण्यांपैकी बरीचशी मायनर सप्तकात बांधलेली असतात, आणि पाश्चात्त्य नैसर्गिक मायनरचे स्वर म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर: गंधार, धैवत आणि निषाद कोमल. ज्याचा कान शास्त्रीय किंवा नाट्यसंगीतावर तयार झाला आहे, त्याला हा रंग परका वाटणार नाही. दुसरी खूण आवाजाच्या पोताची आहे. सिंथेसायझरमध्ये दोन स्वर जवळजवळ एकाच उंचीवर, पण एकमेकांपासून केसभर सरकवून ठेवतात. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा पूर्ण मिळण्याच्या आधी जी संथ लाट ऐकू येते, तशीच लाट त्यातून निघते. १९८२ साली आलेल्या रोलँड कंपनीच्या ज्युनो-६० या वाद्यात अशा लाटेसाठी कोरसची वेगळी बटणेच होती, आणि त्यातून निघालेला धूसर, ओलसर आवाज आजही या संगीतात जागोजागी भेटतो.

दुसरी पायरी: पूर्वजांची ओळख, पण थोडक्यात

सगळा इतिहास ऐकल्याशिवाय नव्याकडे जायचे नाही, असा हट्ट धरू नये, कारण त्या नादात पुष्कळ जण मध्येच थकतात. चार-पाच जुने अल्बम पुरेसे आहेत. ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्कचा १९७८ चा ‘द मॅन-मशीन’ घ्यावा आणि त्यातले ‘निऑन लाइट्स’ रात्री शहरातून घरी परतताना ऐकावे. लिव्हरपूलजवळच्या ओएमडी या बँडचा १९८१ चा ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ घ्यावा. त्यातले वृंदगायनासारखे धूसर स्वर मेलोट्रॉनचे आहेत. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित टेपची एक फीत असते आणि पट्टी दाबली की ती चालू होते. गॅरी न्यूमन याचे ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक’ १९७९ मध्ये ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एखाद्या स्टुडिओत मागे राहिलेला मिनीमूग सिंथेसायझर त्याच्या हाती लागला आणि गिटार वाजवणाऱ्या या तरुणाची दिशाच बदलली. याझूचे १९८२ चे ‘ओन्ली यू’ ऐकले की फारच थोड्या स्वरांत किती विरह मावतो हे समजते.

ज्या बँडपाशी मात्र मुक्काम करावा तो म्हणजे डिपेश मोड. एसेक्समधील बेसिल्डन या गावची ही मुले. १९८१ चा त्यांचा पहिला अल्बम हसरा, उजळ होता. ती गाणी मुख्यतः लिहिणारा व्हिन्स क्लार्क त्याच वर्षी बाहेर पडला आणि लेखनाची जबाबदारी मार्टिन गोरकडे आली. त्यानंतर प्रत्येक अल्बमबरोबर रंग गडद होत गेला. १९८३ मध्ये त्यांनी लंडनच्या रस्त्यांवर आणि पडीक जागी धातूच्या वस्तूंवर ठोकून आवाज टिपले आणि ते वाद्यांसारखे वापरले. १९८६ चा ‘ब्लॅक सेलिब्रेशन’ हा त्यांचा पहिला पूर्णपणे काळोखा अल्बम आहे असे मी मानतो, आणि १९९० च्या ‘व्हायोलेटर’मध्ये ही सगळी शिकवण एकत्र आली.

‘व्हायोलेटर’मधील ‘एन्जॉय द सायलेन्स’ हे गाणे मराठी श्रोत्याने एका खास कारणासाठी ऐकावे. गोर यांनी ते आधी संथ चालीत, फक्त स्वतःचा आवाज आणि हार्मोनियम एवढ्यावर बांधले होते. आपल्या पेटीच्याच कुळातले, भात्याच्या हवेने पत्त्या थरथरवणारे ते वाद्य. बँडमधील ॲलन वाइल्डर यांनी ते जलद ठेक्यावर नेण्याचा आग्रह धरला, गोर सुरुवातीला नाखूश होते, आणि अखेर जे तयार झाले ते जगभर गाजले. हार्मोनियमवरचे रूपही पुढे प्रसिद्ध झाले आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. पेटीवरच्या गाण्यात शोक सरळ समोर बसलेला असतो, तर ठेक्यावरच्या गाण्यात तोच शोक चालत राहतो, आणि चालत राहावे लागते म्हणून अधिक बोचतो. उदास सिंथपॉप म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा या दोन रूपांच्या तुलनेने अधिक नीट समजले.

तिसरी पायरी: नावांचा उलगडा

शोधताना जी नावे सतत समोर येतात त्यांचा अर्थ थोडक्यात ध्यानात ठेवावा. सिंथपॉप हे सर्वांत मोठे छत्र असून त्यात आनंदी गाणीही येतात. कोल्डवेव्ह हे नाव प्रामुख्याने १९८० च्या आसपासच्या फ्रान्स-बेल्जियममधील कोरड्या, गारठलेल्या संगीताला मिळाले. डार्कवेव्हमध्ये गॉथिक, म्हणजे काळोख आणि मरणाकडे झुकणारे, वळण अधिक. मिनिमल सिंथमध्ये वाद्ये मोजकी, ध्वनिमुद्रण बहुधा घरगुती. ईबीएममध्ये (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक) ठेका कवायतीसारखा आणि आवाज हुकमी. सिंथवेव्ह हे मात्र वेगळे प्रकरण आहे: ते १९८० च्या दशकातील चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांच्या आठवणींवर उभे असते आणि त्यात स्मरणरंजन अधिक असते. नव्या श्रोत्याला डार्कवेव्ह हवे असताना पुष्कळदा सिंथवेव्हच हाती दिले जाते, त्यामुळे हा भेद लक्षात असलेला बरा. या सीमा फार काटेकोर मानू नयेत. त्या शोधाच्या सोयीपुरत्या आहेत.

चौथी पायरी: प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीचा माग

माझ्या मते संपूर्ण शोधातली सर्वांत मोलाची पायरी हीच आहे. मोठ्या संगीत कंपन्यांच्या नावावरून आवडीचा काहीच पत्ता लागत नाही, पण लहान स्वतंत्र कंपन्यांमागे बहुधा एका-दोघांचा कान असतो. त्यांना आवडते तेच ते छापतात. त्यामुळे त्यांच्या यादीतले एक नाव भावले की शेजारची दोन-तीन नावे भावण्याची शक्यता बरीच असते.

याचे जुने उदाहरण म्युट रेकॉर्ड्सचे. डॅनियल मिलर यांनी १९७८ मध्ये ‘द नॉर्मल’ या नावाखाली, कॉर्ग कंपनीचा एक साधा सिंथेसायझर वापरून लंडनमध्ये घरच्या घरी दोन गाणी तयार केली आणि ती स्वतःच प्रसिद्ध केली. त्यासाठी काढलेली कंपनी पुढे फॅड गॅजेट, डिपेश मोड, याझू आणि इरेझर यांचे घर झाली. याझू हे व्हिन्स क्लार्क आणि ॲलिसन मॉयेट यांचे, तर इरेझर हे क्लार्क आणि अँडी बेल यांचे. म्हणजे डिपेश मोडच्या पहिल्या अल्बमची हसरी गाणी लिहिणाऱ्या माणसाचा माग काढला, तरी आपण याच कंपनीच्या अंगणात फिरत राहतो.

आजच्या काळातला माग असा निघतो. समजा, तुम्हाला मिन्स्कचा मोल्चात दोमा हा बँड आवडला. त्यांचा २०१८ चा ‘एताझी’ हा अल्बम पुढे ब्रुकलिनच्या सेक्रेड बोन्स या कंपनीने पुन्हा प्रसिद्ध केला. त्या कंपनीची यादी उघडली की झोला जीझस ही गायिका भेटते, जिचा आवाज मोठ्या घुमटाखाली गायल्यासारखा वाटतो. त्याच यादीत जॉन कार्पेंटर हे नावही दिसते. हे तेच दिग्दर्शक, ज्यांनी १९७८ च्या ‘हॅलोवीन’ या चित्रपटाचे संगीत स्वतः केले. त्यांचा ‘लॉस्ट थीम्स’ हा अल्बम याच कंपनीने २०१५ मध्ये काढला. बेलारूसच्या एका बँडपासून भयपटांच्या संगीतापर्यंतचा हा प्रवास एका संध्याकाळी होतो, आणि त्यात कुठल्याही ॲपच्या शिफारशीची गरज पडत नाही.

आणखी दोन कंपन्या नोंदवून ठेवाव्यात. लॉस एंजेलिसची डेइस रेकॉर्ड्स ही ड्रॅब मॅजेस्टी या बँडचे अल्बम काढते. त्यांच्या २०१७ च्या ‘द डेमॉन्स्ट्रेशन’मध्ये गिटार आणि सिंथेसायझर एकमेकांत इतके विरघळले आहेत की कोणते कुठे संपते हे कळत नाही. न्यूयॉर्कची मिनिमल वेव्ह ही कंपनी व्हेरॉनिका व्हासिका यांनी २००५ मध्ये सुरू केली. १९८० च्या दशकात घरी ध्वनिमुद्रित झालेले, मूठभर प्रतींत निघालेले आणि विस्मृतीत गेलेले संगीत शोधून नव्याने प्रसिद्ध करण्याचे काम ती करते. तिचा २०१० चा ‘द मिनिमल वेव्ह टेप्स’ हा संग्रह घेतला, तर एका तबकडीतून डझनभर नवी नावे पदरात पडतात.

कंपनीचा माग काढण्यासाठी डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ वापरावे. तिथे प्रत्येक तबकडीच्या नोंदीत कंपनी, वर्ष, देश, वादक, ध्वनिमुद्रक आणि निर्माता यांची नावे दिलेली असतात, आणि प्रत्येक नावावर क्लिक करता येते. शैली, देश आणि वर्ष निवडून यादी गाळताही येते. कोल्डवेव्ह, फ्रान्स, १९८२ असे निवडून बघावे आणि समोर येणाऱ्या अनोळखी नावांपैकी तीनच ऐकावीत.

पाचवी पायरी: दुसऱ्या श्रोत्याच्या कपाटात डोकावणे

आजचे बहुतेक लहान कलाकार आपले संगीत बँडकॅम्प या विक्रीच्या संकेतस्थळावर ठेवतात. तिथे अल्बम विकत घेण्यापूर्वी बहुधा पूर्ण ऐकता येतो आणि पैशांचा मोठा वाटा थेट कलाकाराकडे जातो. पुष्कळ लोक तिथे विषयाच्या खुणांवरून, म्हणजे डार्कवेव्ह, कोल्डवेव्ह, मिनिमल सिंथ अशा शब्दांवरून शोध घेतात. ते उपयोगी आहेच, पण खरा खजिना जरा खाली असतो.

कोणत्याही अल्बमच्या पानावर, तो विकत घेतलेल्या श्रोत्यांची लहान लहान चित्रे ओळीने लावलेली असतात. त्यांपैकी काहींनी दोन-चार ओळींत आपले मतही लिहिलेले असते. एका चित्रावर क्लिक केले की त्या श्रोत्याने आजवर घेतलेले सगळे अल्बम समोर येतात. तुम्हाला मनापासून आवडलेला, पण फारसा प्रसिद्ध नसलेला अल्बम ज्याने पैसे देऊन घेतला आहे, त्याची आवड तुमच्या आवडीला कुठेतरी शिवते हे उघड आहे. प्रसिद्ध अल्बम मात्र या कामी येत नाही, कारण तो सगळेच घेतात. मी स्वतः लेबनन हॅनोव्हर या बँडच्या एका अल्बमखालून अशा एका अनोळखी श्रोत्याच्या संग्रहात गेलो होतो. त्या संग्रहात ग्रीस, तुर्कस्तान आणि मेक्सिकोतले एवढे बँड निघाले की ते नीट ऐकण्यात माझा एक सबंध पावसाळा गेला. त्या माणसाशी माझा एका शब्दाचाही परिचय नाही, तरी त्याचे ऋण मी मानतो.

इथे एक पथ्य पाळावे. एका बैठकीत एकाच श्रोत्याचा संग्रह पाहावा, त्यातले पाच अल्बम निवडावेत आणि प्रत्येकातले पहिले व मधले एक गाणे ऐकावे. पहिले गाणे बहुधा ऐकणाऱ्याला ओढून घेण्यासाठी ठेवलेले असते. मधल्या गाण्यावरून अल्बमचा कस कळतो.

सहावी पायरी: माणसांनी चालवलेला रेडिओ

इंटरनेटवर ऐकता येणारी काही रेडिओ केंद्रे अजूनही माणसांच्या निवडीवर चालतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सोमाएफएमवर ‘अंडरग्राउंड एटीज’ नावाची एक वाहिनी आहे, तिच्यावर १९८० च्या दशकारंभीचे ब्रिटिश सिंथपॉप अखंड चालू असते आणि जाहिराती नसतात. केंद्र श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. सिएटलचे केईएक्सपी हे केंद्र नव्या बँडना स्टुडिओत बोलावून वाजवायला लावते आणि त्याचे व्हिडिओ प्रसिद्ध करते. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा सिएटलमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, त्यामुळे सकाळची कामे उरकताना त्यांचे सायंकाळचे कार्यक्रम सहज कानावर पडतात. लंडनच्या एनटीएसवर निवेदकागणिक आवड बदलते; एखादा निवेदक मनाला पटला की त्याचे जुने कार्यक्रमही शोधून ऐकावेत.

सातवी पायरी: न कळणाऱ्या भाषेची भीती सोडणे

इंग्रजीत गाणाऱ्यांपुरते थांबले, तर या संगीताचा फार मोठा प्रदेश आपण गमावतो. मोल्चात दोमा रशियन भाषेत गातात. २०२० मध्ये जगभर पसरलेल्या त्यांच्या ‘सुद्नो’ या गाण्याचे शब्द बोरिस रिझी या कवीच्या कवितेचे आहेत. येकातेरिनबुर्गचा हा कवी २००१ मध्ये, २६ व्या वर्षी, आत्महत्या करून गेला. लहान आवाजात सुरू झालेला तो ठेका ऐकून नाचणाऱ्या लाखो लोकांना त्या ओळींत रुग्णाच्या खाटेचे आणि मरणाच्या सावलीचे वर्णन आहे याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती. अर्थ कळल्यावर गाणे पुन्हा ऐकले, तेव्हा तो कोरडा आवाज निराळाच वाटला. म्हणून माझी सूचना अशी की, परक्या भाषेतले गाणे आधी अर्थाशिवाय चार-पाच दिवस ऐकावे आणि मगच भाषांतर शोधावे. हा क्रम उलटला, तर शब्द आवाजावर स्वार होतात.

शी पास्ट अवे हा बँड तुर्की भाषेत गातो. त्यांचा २०१२ चा ‘बेलिर्दी गेजे’ हा अल्बम गॉथिक गिटार आणि ड्रम मशीन यांची उत्तम सांगड आहे. रेक्याविकचा केल्लान मिक्ला हा तीन तरुणींचा बँड आइसलँडिक भाषेत गातो. लेडीट्रॉन या लिव्हरपूलच्या बँडमधील मीरा अरॉयो अधूनमधून बल्गेरियन भाषेत गाते. त्यांचा २००५ चा ‘विचिंग अवर’ प्रत्येक नव्या श्रोत्याने ऐकावा असा आहे. त्याच्याच जोडीला स्वीडनच्या द नाइफ या बहीण-भावांचा २००६ चा ‘सायलेंट शाउट’ ठेवावा. त्यात गायिकेचा आवाज यंत्राने खाली-वर सरकवून कधी पुरुषी, कधी अमानवी केला आहे, आणि तरीही त्यातला एकाकीपणा पुसला जात नाही.

आपल्या जवळ येणारे धागेही आहेत. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बांधून अल्बम काढला. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, पण २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर जगाने त्याकडे नव्याने पाहिले. हे उदास सिंथपॉप नव्हे, परंतु तीच यंत्रे रागाच्या हाती दिली तर काय होते, हे त्यातून ऐकायला मिळते. १९८० च्या दशकात गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर कॅसेट लावणारे डीजे युरोपातले ईबीएम आणि सिंथ संगीत आणत आणि त्यातले गायन कापून केवळ वाद्यांचे भाग जोडून वाजवत. पुढे ज्याला गोवा ट्रान्स म्हटले गेले, त्याच्या मुळाशी हे काळोखे संगीत आहे. आजच्या कलाकारांत दिल्लीच्या सूर्यकांत सहानी यांचा ‘लिफाफा’ या नावाने आलेला २०१९ चा ‘जागो’ हा हिंदी अल्बम मी आवर्जून सुचवीन.

आठवी पायरी: वही, आणि मग खरेदी

शोध सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात नावांची गर्दी होते. त्यासाठी एक साधी वही करावी. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला चार रकाने आहेत: गाणे, कंपनी, कुठून कळले आणि काय ऐकले. चौथ्या रकान्यात ‘छान’ असा शब्द लिहायचा नाही, असा माझा नियम आहे. ‘दुसऱ्या कडव्यानंतर बास थांबतो आणि आवाज उघडा पडतो’ असे काहीतरी लिहावे. सहा महिन्यांनी ती पाने चाळली की आपल्याला नेमके काय भिडते हे दिसू लागते. मला ठेका थांबण्याच्या जागा आवडतात, हे मला वहीनेच सांगितले. ‘कुठून कळले’ हा रकानाही वगळू नये, कारण एकाच निवेदकाचे किंवा एकाच कंपनीचे नाव तिसऱ्यांदा आले की पुढचा रस्ता कुठला हे ठरते.

नवा अल्बम पहिल्या ऐकण्यात आवडला नाही तर लगेच बाद करू नये. हे संगीत मुरायला वेळ घेते. एकदा दिवसा, एकदा रात्री आणि एकदा प्रवासात ऐकून मग निर्णय घ्यावा.

जे आवडले ते विकत घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. हे कलाकार बहुधा दुसरी नोकरी सांभाळून संगीत करतात, आणि ॲपवर गाणे ऐकल्याचे त्यांना मिळणारे पैसे नगण्य असतात. बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम घेण्यासाठी आपल्या कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय बँकेकडून सुरू करून घ्यावी लागते. मार्च २०२० पासून बँडकॅम्पने काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून देण्याची प्रथा सुरू केली आहे. शक्य असल्यास खरेदी त्या दिवशी करावी. तबकडी मागवण्याआधी टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून एकूण किंमत काढावी, ती पुष्कळदा तबकडीच्या मूळ किमतीहून अधिक भरते. खरेदीनंतर फाइल उतरवून घेऊन तिची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी.

नववी पायरी: प्रत्यक्ष मैफल

जे मराठी वाचक जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांच्या हाताशी एक मोठी संधी आहे. लायपझिग शहरात १९९२ पासून, मे किंवा जूनमध्ये, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत वेव्ह-गोटिक-ट्रेफेन हा महोत्सव भरतो. शहरभर पसरलेल्या अनेक सभागृहांत शेकडो बँड वाजवतात. सगळे पाहणे अशक्य असल्याने कार्यक्रमपत्रिका हाती येताच ओळखीच्या नावांइतकीच अनोळखी नावेही निवडून ठेवावीत. कानांत घालायची बोळी सोबत न्यावीत, कारण लहान सभागृहात खालचे स्वर फार जोरात लागतात.

महोत्सव असो वा एकट्या बँडची मैफल, दारे उघडण्याच्या वेळी पोहोचावे. १९८० च्या अखेरीस पूर्व लंडनमधील ब्रिज हाउस या पबमध्ये फॅड गॅजेटचा कार्यक्रम होता, आणि त्याच्या आधी बेसिल्डनहून आलेली चार मुले आपापले छोटे सिंथेसायझर मांडून वाजवत होती. फॅड गॅजेटसाठी आलेले डॅनियल मिलर त्या वेळी सभागृहात हजर होते, त्यांनी ती मुले ऐकली आणि त्यांची पहिली तबकडी काढायची तयारी दाखवली. ती मुले म्हणजे डिपेश मोड. तिकिटावर लहान अक्षरांत छापलेले नाव घरून निघण्यापूर्वीच वहीत उतरवून घ्यावे.